पुढच्या महिन्यात राहणारे निकमभाऊ

निकमभाऊंच्या घरातलं कॅलेंडर नेहमी एक महिना पुढे असतं. आपल्याकडे मार्च चालू असतो तेव्हा त्यांच्या भिंतीवर एप्रिल लागलेला असतो. कुणी विचारलं तर ते म्हणतात, "मार्च हातातच हाय की. त्याला काय बघायचं? येणाऱ्याला बघावं."

बोईसरजवळ सरावलीला आम्ही समोरासमोर राहायला आलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे चहा घेता घेता मी भिंतीकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी संकष्टी धरली. दिवसभर साबुदाण्यावर काढून संध्याकाळी बायकोला चंद्रोदय विचारला, तर ती म्हणाली, "संकष्टी उद्या आहे." लागोपाठ दोन दिवस उपास घडला. नंतर कळलं की निकमवहिनींनी स्वयंपाकघरात स्वतःचं वेगळं, खरं कॅलेंडर लावलेलं आहे आणि दूध, गॅस, सणवार सगळं त्यावरच चालतं. बाहेरच्या खोलीतलं कॅलेंडर नवऱ्याचं. पाहुण्यांनी त्यावर विसंबू नये अशी सूचना त्या पहिल्या भेटीतच देतात. मला द्यायची राहून गेली, एवढंच.

हणमंत निकम मूळचे साताऱ्याकडचे. आमच्या कारखान्यात ते बॉयलर अटेंडंट आणि मी प्रयोगशाळेत केमिस्ट. आमच्याकडे रात्रपाळी नाही, त्यामुळे बॉयलर रोज सकाळी नव्याने पेटवावा लागतो. सातच्या पाळीला वाफ तयार हवी तर माणसाला पाचला हजर राहावं लागतं. निकमभाऊ साडेचारला हजर असतात. उलट मी. माझी पाळी साडेआठची आणि मी पावणेनऊला पोचतो, हे आता व्यवस्थापनानेही समजून घेतलं आहे. निकमभाऊंनी मात्र कधी समजून घेतलं नाही. मला धापा टाकत येताना पाहिलं की ते बॉयलर हाऊसच्या दारातून हाक मारतात, "कोलतेसाहेब, आधी पाणी बघायचं, मग आग. वाफ धरायला येळ लागतो."

ही दोन वाक्यं म्हणजे त्यांची एकूण जीवनदृष्टी. बॉयलर पेटवण्याआधी काचेच्या नळीत पाण्याची पातळी बघायची असते; न बघता आग टाकली तर काय होतं ते ते सांगत नाहीत, नुसते वर पत्र्याकडे बघतात. लग्न ठरवायचं असो की दात काढायचा असो, निकमभाऊ पहिला प्रश्न विचारणार, "पाणी बघितलं का?" दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे नवरात्रात सुरू होतो आणि दिवाळीत संपलेला असतो. किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून दारावर मासे घेऊन येणारी पारूमावशी तर त्यांच्यापुढे हात टेकते. एकदा हे तिला पुढच्या रविवारचा हलवा आत्ताच सांगून ठेवत होते. टोपली डोक्यावर चढवत ती म्हणाली, "आवं भाऊ, तो हलवा अजून दर्यात हाय. त्याला नाय विचारला आमी, येतो का म्हणून."

तरी या पारूमावशीमुळेच पुढचं सगळं घडलं.

निकमभाऊंना एकुलती एक मुलगी, ऋतुजा. ती पाचवीत असताना पारूमावशीने आम्हा दोन्ही घरांना दांडीला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर सगळे किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती, सुकत घातलेल्या बोंबलांच्या रांगा होत्या, आणि लांब पाण्यावर एक राखाडी रंगाचं जहाज उभं होतं. पोरीने विचारलं, ते कुणाचं. पारूमावशी म्हणाली, "नेवीचा हाय. मोठा साहेब असते त्याच्याव." पोरगी बराच वेळ डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. परतताना रिक्षात ती म्हणाली, "पप्पा, मी त्याच्यावरची साहेब होणार."

पाचवीतली पोरं असं काहीबाही म्हणतच असतात. माझा मुलगा त्याच रिक्षात आइस्क्रीमवाला होणार होता आणि मी त्याला हो म्हणून टाकलं होतं. पण निकमभाऊंनी तो विषय सोडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात. त्या साहेब लोकांना कुठं शिकवतात, असं विचारलं. मी म्हटलं, खडकवासल्याला प्रबोधिनी आहे, बारावीनंतर परीक्षा असते, आता मुलींनाही घेतात, पण अजून सात वर्षं आहेत. ते म्हणाले, "सातच? मग आजच पेटवतो."

मला वाटलं, यात काहीतरी जुनं दुखणं असणार. साताऱ्याकडचा माणूस, तरुणपणी भरतीत नापास झाला असेल, आता मुलीकडून हौस फेडतोय. मी तसं विचारलंही, जरा आवाज हळुवार करून. निकमभाऊ माझ्याकडे बघतच राहिले. "छ्या. मला पळायचा पहिल्यापासून कंटाळा. आमच्या गावात घरटी एक जण फौजेत, म्हणून तर मी इकडं पळून आलो. तिला जायचंय, मला न्हाई." माझी करुण कथा तिथेच संपली.

मग सात वर्षं तो बॉयलर धगधगत राहिला. प्रबोधिनीत मुलींना किमान किती उंची लागते हे त्यांनी शोधून काढलं आणि घराच्या चौकटीवर त्या उंचीला तांबड्या रंगाची रेघ मारली. पाण्याच्या नळीवर असते तशी. पोरगी सहावीत, रेघ तिच्या डोक्याच्या वीतभर वर. दर रविवारी मोजमाप. नववीत असताना एका रविवारी तिचं डोकं रेघेला लागलं, तर या गृहस्थाने इमारतीत पेढे वाटले. ज्यांना कारण माहीत नव्हतं त्यांनी पोरीचं लग्न ठरलं का म्हणून विचारलं.

नववीतच त्यांनी तिचे अर्जासाठीचे फोटो काढून ठेवले. बोईसर स्टेशनजवळच्या स्टुडिओवाल्याने त्यांना परोपरीने सांगितलं होतं, "भाईसाब, बच्ची अभी छोटी है. फोटो बासी हो जाएगा." पण निकमभाऊंनी चाळीस प्रती काढल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्या आणि फाईलला लावल्या. ही फाईल निळी होती. तिच्यात जन्मदाखला, रहिवासी दाखला, शाळेचे दाखले, प्रत्येकाच्या पाच पाच प्रती. मी एकदा सहज उघडली तर त्यात अकरावीच्या निकालासाठी एक रिकामा कप्पा होता आणि त्यावर पेन्सिलने 'येणार' असं लिहिलं होतं.

मुलाखतीची तयारी आमच्या घरी. मला मोठा साहेब व्हायचं होतं. मी लुंगीवर होतो म्हणून निकमभाऊंनी मला पँट घालून यायला लावलं. मग मी भारदस्त आवाजात विचारलं, "कुमारी निकम, तुम्हाला सैन्यातच का यायचं आहे?"

ऋतुजा ताठ बसून म्हणाली, "सर, मला जन्मापासून दोन तास आधी तयार करून बसवतात. आता कुठंतरी गेलंच पाहिजे."

वहिनींच्या हातातला चहा सांडला. निकमभाऊ गंभीरपणे म्हणाले, "उत्तर बरं हाय. पण शेवटाला जय हिंद म्हण."

पोरगी अशी होती. बापाच्या सगळ्या सोंगाला ती हसत हसत तोंड द्यायची आणि काम मात्र चोख करायची. पहाटे बाप कामावर निघाला की ती त्याच्याबरोबर निघून औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला धावायची. कारखान्याच्या फाटकापर्यंत दोघं बरोबर, म्हणजे ती पळत आणि हे सायकलवर. तिथून ती परत फिरायची. मला हे ऐकूनच माहीत, त्या वेळी मी जागा असण्याचा प्रश्न नव्हता.

बारावीच्या वर्षी अर्ज भरण्याचा पहिला दिवस उजाडला. संकेतस्थळ दिवसभरात केव्हातरी उघडणार होतं. निकमभाऊ सकाळपासून सुट्टी टाकून झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकासमोर बसले होते. ते उघडलं, अर्ज भरत भरत फोटोपर्यंत गाडी आली, आणि तिथे लिहिलेलं होतं की फोटो अगदी अलीकडचा हवा. पिशवीतल्या चाळीस ऋतुजा दोन वेण्यांच्या होत्या. समोर बसलेल्या ऋतुजाने केस कापलेले होते. स्टुडिओवाला जेवायला घरी गेलेला, त्याला हे जेवणावरून उठवून घेऊन आले. शटर वर करताना तो एवढंच म्हणाला, "मैंने बोला था, बासी होगा."

तरी पहिल्याच दिवशी अर्ज गेला. इमारतीत सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पण परीक्षेची केंद्रं आधी येणाऱ्याला आधी अशी मिळतात. ऋतुजाला ठाणे मिळालं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या एका मुलाने शेवटच्या दिवशी अर्ज भरला होता, त्याला नागपूर मिळालं. तो बॅग घेऊन जिना उतरत होता तेव्हा निकमभाऊ खाली सायकल पुसत होते. त्यांनी त्याला शुभेच्छा दिल्या, आणि तो गेल्यावर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "पाणी बघितलं न्हाई."

ठाण्याला ते आठवडाभर आधी एकटे जाऊन शाळा बघून आले. परीक्षेच्या दिवशी बापलेक इतक्या लवकर पोचले की फाटकावरच्या वॉचमनने यांनाच विचारलं, आज इथे काही आहे का.

ऋतुजा लेखी पास झाली. मग पाच दिवसांची ती प्रसिद्ध मुलाखत, तिथे मला वाटतं तिने जय हिंद म्हटलं असावं, कारण तीही पास झाली. वैद्यकीय तपासणी झाली. आणि जूनच्या सुरुवातीला, बारावीच्या निकालाचा आनंद अजून ताजा होता, तेव्हा प्रबोधिनीचं बोलावणं आलं. इमारतीत पुन्हा पेढे. या वेळी कारण सगळ्यांना ठाऊक होतं. पारूमावशीने टोपली खाली ठेवून पोरीच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पोरी, दर्याला भिवू नको. पण त्याला अरे-तुरे पण करू नको."

बोलावण्याबरोबर कागदांचा एक गठ्ठा होता, तो भरून ठरलेल्या मुदतीत पाठवायचा होता. त्या शुक्रवारपर्यंत पोस्टात पडला नाही तर मुदत टळणार होती आणि जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. निकमभाऊंच्या दृष्टीने शुक्रवार म्हणजे चिक्कार अवकाश. त्यातल्या एका कागदावर पालकाची सही आणि साक्षीदाराची सही हवी होती. साक्षीदार म्हणून त्यांनी मला सांगितलं, "रविवारी सकाळी सातला या. पेन मी देतो."

मी रविवारी विसरलो. सोमवारी आठवलं, पण कंटाळा केला. मंगळवारी पाहुणे आले. बुधवारी संध्याकाळी मात्र मी चांगलाच ओशाळून समोरचं दार वाजवलं. मनात ठरवलंच होतं की आज बॉयलर, पाणी, आग, सगळं निमूटपणे ऐकून घ्यायचं. निकमभाऊ खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, "माफ करा निकमभाऊ, फार उशीर झाला. द्या तो कागद."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "असू द्या. काही घाई न्हाई."

एकोणीस वर्षं मी या माणसाच्या समोर राहतो. 'काही घाई नाही' हे तीन शब्द मी त्यांच्या तोंडून कधीही ऐकले नव्हते. मी घरी येऊन बायकोला सांगितलं तर तिने आधी माझ्याच कपाळाला हात लावून पाहिला.

गुरुवारी वहिनी आमच्याकडे आल्या. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "भाऊजी, यांचं काहीतरी बिनसलंय. सगळे कागद केव्हाच भरून झाले, फक्त तो एक राहिलाय. मी विचारलं की म्हणतात बघू. पोरीनं विचारलं की म्हणतात उद्या. काल तर चक्क पाच वाजता कामावर गेले."

"पाचलाच जायचं असतं ना?"

"हो. पण हे पाचला गेले," वहिनी म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी दवाखान्यात नेऊन बीपी बघून आणलं. बीपी बरोबर आहे."

त्यांच्या मागे ऋतुजा दारात उभी होती. ती नेहमीसारखी हसली नाही. म्हणाली, "काका, उद्या शेवटचा दिवस आहे. मी पप्पांना ओरडू शकत नाही. तुम्ही बघाल का?"

सात वर्षांत त्या पोरीने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मी घड्याळाला गजर लावला. तो कसा लावतात ते बायकोने दाखवलं.

शुक्रवारी सकाळी सहाला मी कारखान्याच्या फाटकात. वॉचमन उठून उभा राहिला. "साहब, आप? घर में सब ठीक है ना?" त्याचं समाधान करून मी बॉयलर हाऊसमध्ये गेलो. आग चांगली धरली होती, वाफेचा काटा हळूहळू वर चढत होता. निकमभाऊ स्टुलावर बसून त्या काचेच्या नळीकडे बघत होते. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी दुसरं स्टूल पुढे सरकवलं.

मी बसलो. मग त्यांनी नोंदवहीतून घडी घातलेला तो कागद काढला.

"कोलतेसाहेब, सात वर्षांत मी त्या पोरीचे किती अर्ज भरले. सगळ्यांवर सही तिची. हा एकच असा आलाय, हिथं माझी पाहिजे."

मी कागद घेतला. साधाच मजकूर होता. माझ्या पाल्यास मी राजीखुशीने पाठवत आहे, प्रशिक्षणाच्या काळात दुखापत झाल्यास, अथवा, असं पुढे काही होतं.

"'अथवा'च्या पुढं मी वाचलंच न्हाई," निकमभाऊ म्हणाले. "रविवारी तुम्ही आला न्हाईत, मला लई बरं वाटलं. सोमवारी पण न्हाई आलात. म्हटलं कोलतेसाहेब हायत तोपर्यंत चिंता न्हाई, ते काय येत न्हाईत."

माझ्या आळसाचा कुणाला इतका आधार वाटल्याची ही पहिलीच वेळ.

ते पुढे बोलत राहिले, नळीवरची नजर न काढता. "मी आग टाकत गेलो. टाकत गेलो. आज हे दाखले, उद्या ते फोटो. मजा यायची हो. पण वाफ धरली की एक दिवस व्हॉल्व्ह उघडायचा असतो आणि ती निघून जाती, ह्ये माझ्या डोक्यातच आलं न्हाई. बावीस वर्षं रोज उघडतोय मी त्यो व्हॉल्व्ह, आणि डोक्यात आलं न्हाई."

मी म्हटलं, "ऋतुजाशी बोललात?"

"काल रात्री जेवताना बोलली तीच. म्हणाली, पप्पा, तुम्ही रोज बॉयलरपाशी जाता. मी लहानपणापासून तुमच्या मागं फाटकापर्यंत पळत येते आणि तुम्ही आत गेलात की परत फिरते. मी कधी जाऊ नका म्हटलं का?" त्यांनी गळ्यातल्या फडक्याने तोंड पुसलं. "मला वाटायचं, पोरगी सराव करायला पळती."

आता मात्र माझेही डोळे भरून आले. आत धुरामुळे सोय होती, कुणाला काही सांगावं लागलं नाही.

मग मी एक गोष्ट केली जी मी आयुष्यात कधी केली नव्हती. मी कुणालातरी घाई केली. उठून उभा राहिलो आणि म्हटलं, "निकमभाऊ, आटपा लवकर. पोस्ट उघडायच्या आत आपण दारात पाहिजे. पाणी मी बघतो, तुम्ही सही करा."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांच्या मिशीखाली हसू आलं. "तुम्ही पाणी बघणार?" म्हणाले. "मग गेलाच आपला कारखाना."

त्यांनी नोंदवही मांडीवर घेतली, तिच्यावर कागद ठेवला आणि सही केली. 'हणमंत' पूर्ण लिहिलं, एकेक अक्षर सुटं. खाली तारीख घातली. मी साक्षीदाराची सही करायला कागद घेतला आणि पाहिलं, तर जून चालू असताना निकमभाऊंनी तारखेत जुलै घातला होता.

"अहो, जुलै कुठे आलाय?"

त्यांनी कपाळावर हात मारला. "घरी भिंतीवर त्योच हाय." क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर मला आशा दिसली. "म्हणजे आता हा कागद बाद. दुसरा मागवावा लागंल."

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. एकोणीस वर्षं मी हा माणूस ओळखतो. शेवटी त्यांनी सुस्कारा सोडला, नोंदवही मागच्या बाजूने उघडली आणि त्याच कागदाच्या आणखी चार कोऱ्या प्रती बाहेर काढल्या.

सातच्या पाळीच्या माणसाकडे बॉयलर सोपवून आणि घरून बाकीचा गठ्ठा घेऊन आम्ही निघालो. बोईसरच्या पोस्टाचं दार उघडलं तेव्हा रांगेत आम्ही पहिले होतो. दुसरं कुणी नव्हतंच.

जूनच्या शेवटी ते तिला पोचवायला खडकवासल्याला गेले. निकमभाऊ मूळ पदावर आले होते. हजर व्हायच्या आदल्या दिवशीच तिघं फाटकाशी उभी राहिली आणि तिथल्या जवानाने उद्या या म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी आत जाणारी पहिली मुलगी ऋतुजा. हे सगळं वहिनींनी आल्यावर सांगितलं. "परतीची गाडी मात्र चुकली," त्या म्हणाल्या. "तिला आत सोडलं, तरी हे फाटकापाशीच उभे. मी म्हटलं, चला, गाडी आहे. तर म्हणाले, पुढची मिळेल."

नंतर काही दिवस मला त्यांच्याकडे जायला जमलं नाही, म्हणजे मी आजउद्या करत राहिलो. पण कामावर निकमभाऊ साडेचारला हजर होते, मी पावणेनऊला पोचत होतो, दारातून मला हाक येत होती, तेव्हा सगळं ठीक आहे असं मी धरून चाललो. पहाटे फाटकापर्यंत ते आता एकटेच सायकलवर येतात, आणि आत शिरण्याआधी जरा थांबून मागे बघतात, हे मला वॉचमनने सांगितलं.

मग एका रविवारी पारूमावशी हसत हसत आमच्या दारात आली. "तुमच्या भाऊला सांगा," समोरच्या बंद दाराकडे बोट करून ती म्हणाली, "त्याने माझ्याकडं बोंबील सांगून ठेवलाय. पोरीला आवडतो म्हणून. कधीचा, तर डिसेंबरचा. मी म्हटला, आवं भाऊ, ते बोंबलाचा अजून जन्म नाय झाला."

मुलीला पहिली सुट्टी डिसेंबरात मिळणार होती. मी हसलो, आणि चहाच्या निमित्ताने लगेच समोर गेलो.

निकमभाऊ बाजारात गेले होते. बाहेरच्या खोलीत चौकटीवर ती तांबडी रेघ तशीच होती. भिंतीवर पाहिलं. जुलै चालू होता म्हणजे नियमाप्रमाणे तिथे ऑगस्ट हवा होता. तिथे डिसेंबर होता. मधले महिने त्यांनी फाडले नव्हते, व्यवस्थित मागे उलटून चिमट्यात धरले होते.

मला हसू आवरेना. वहिनींना चिडवावं म्हणून मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. त्या गॅससमोर पाठमोऱ्या उभ्या होत्या. "काय वहिनी," मी म्हटलं, "भाऊंची गाडी आता फारच पुढे गेली. बरं तरी तुमचं कॅलेंडर खरं असतं."

त्या चहात साखर घालत राहिल्या. मी वर पाहिलं. फडताळाशेजारी, खिळ्याला, वहिनींचं कॅलेंडर होतं. त्यावरही डिसेंबर होता.